एक स्लीप, नऊ ऑर्क: जुन्या डी अँड डीत मंत्रांचे नियम कसे तोलायचे

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ. हिशोबासाठी त्याचा १९८१ चा बेसिक-एक्स्पर्ट संच, म्हणजे बी/एक्स, समोर ठेवू. त्यावर बेतलेलं ओल्ड-स्कूल इसेन्शिअल्स (ओएसई) खेळत असाल तरी आकडे तेच आहेत.

पहिल्या लेव्हलचा मांत्रिक घ्या. हिट पॉइंट, म्हणजे जीव, एक डी४ (चार बाजूंचा फासा; २डी८ म्हणजे आठ बाजूंचे दोन), सरासरी अडीच. चिलखत नाही, हातात खंजीर, दिवसाला एक मंत्र. त्या एका स्लॉटमध्ये (मंत्राच्या जागेत) मॅजिक मिसाइल घेतलं तर नेम चुकत नाही, डॅमेज डी६+१. ऑर्कचे हिट पॉइंट डी८, म्हणजे एक ऑर्क मरण्याची शक्यता ५६ टक्के. त्याच स्लॉटमध्ये स्लीप घेतलं तर एकूण २डी८ हिट डाइसचे (प्राण्याचं बळ मोजायचा आकडा; ऑर्कचा एक) प्राणी झोपतात. सरासरी नऊ ऑर्क, आणि सेव्ह (मंत्रातून वाचायचा फासा) नाहीच.

नव्या डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) हात इथे लगेच शिवशिवतो: स्लीपला सेव्ह देऊ. देऊन बघा. १ ते ३ हिट डाइसच्या प्राण्याला मंत्राविरुद्ध डी२० वर १६ लागतात, म्हणजे चारात एक वाचतो. नऊ ऑर्कऐवजी सहा-सात झोपतात. लढाई तरीही संपलेलीच असते, वर नऊ वेळा फासा टाकायचं काम तेवढं वाढलं.

जुन्या वळणाच्या खेळात मंत्र स्वस्त की महाग हे त्याच्या वर्णनावरून फारसं कळत नाही. तो पुन्हा कधी मिळतो, म्हणताना मध्येच तुटतो का, लेव्हल चढायला किती एक्सपी (अनुभवाचे गुण) पडतात, पुस्तकात कसा येतो, या अटी त्याचा भाव ठरवतात. त्यामुळे एखादा मंत्र जड वाटू लागला की आधी वर्णन खोडायला घेऊ नका. आपल्या टेबलावर यातली कोणती अट नकळत गळून पडलीय ते शोधा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

रात्रीचा हिशोब

सगळ्यात जास्त गळणारी अट ही. मांत्रिकाला मंत्र परत मिळवायला रात्रभर झोप आणि वर तासभर पाठांतर लागतं. भुयारात दर दोन टर्नला, म्हणजे दर २० मिनिटांनी, डी६ वर १ आला की भटकं संकट (फिरता राक्षस) येतं. आता आठ तास झोप म्हणजे ४८ टर्न, म्हणजे २४ वेळा फासा. एकदाही १ न येण्याची शक्यता (५/६) चा २४ वा घात, म्हणजे जेमतेम १.३ टक्के. सरासरी चार संकटं. थोडक्यात, नियम जसाच्या तसा लावला तर भुयारात झोपणं अशक्यच आहे, आणि ते तसंच असायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं? खेळाडू म्हणतात, ‘दार लावून घेतो, आठ तास झोपतो.’ रात्रीचे साडेदहा झालेले असतात, डीएम मान डोलावतो. त्या क्षणी दिवसाला एक असलेला मंत्र दर खोलीला एक होतो. मग पुढच्या सत्रात ‘स्लीप फार भारी आहे’ अशी तक्रार सुरू.

चोवीस फासे टाकायचा कंटाळा येत असेल तर विश्रांतीत तासाला एकच टाका. आठ फाशांत निर्विघ्न झोप मिळण्याची शक्यता २३ टक्के उरते. तेवढी भीती पुरते. आणि पक्ष (पात्रांची टोळी) गावात परतून झोपला तर भुयारही एक दिवस पुढे न्या: मेलेल्या ऑर्कांच्या जागी पहारा वाढवा, खजिना हलवा, दाराला अडसर घाला. फक्त हे आधी जाहीर करा. गुपचूप केलंत तर खेळाडूंना ती शिक्षा वाटते.

याचं धाकटं भावंड म्हणजे एक्सपीचा तक्ता. दुसऱ्या लेव्हलला मांत्रिकाला २,५०० लागतात, लढवय्याला २,०००, चोराला १,२००. ‘सगळे एकदमच लेव्हल चढू’ असं ठरवलंत की मांत्रिकाला मोठी सूट मिळते. ती द्यायचीच असेल तर चोरालाही काहीतरी द्या.

आधी सांगा, मग फासा

बी/एक्समध्ये मंत्र टाकणार असाल तर इनिशिएटिव्हचा (आधी कोणाची पाळी हे ठरवणारा) फासा पडायच्या आधी तसं सांगावं लागतं. त्या राउंडमध्ये (लढाईच्या फेरीत) चालता येत नाही. मंत्र पुरा होण्याआधी घाव बसला किंवा सेव्ह चुकला की मंत्र वाया आणि स्लॉटही गेला. हा नियम बऱ्याच टेबलांवर वेळखाऊ म्हणून सोडून देतात. सोडायच्या आधी त्याची किंमत मोजा.

दोन्ही बाजूंनी एकेक डी६. शत्रू आधी येण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे ४१.७ टक्के. मांत्रिकाचा एसी (बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) ९, एक हिट डाइसच्या ऑर्कला १० लागतात, म्हणजे ५५ टक्के. एकच ऑर्क त्याच्यावर चालून आला असेल तर मंत्र तुटण्याची शक्यता २३ टक्के, दोघे असतील तर ३३. नियम काढून टाकलात की ही सगळी टक्केवारी मांत्रिकाच्या खिशात गेली. शिवाय पुढच्या फळीत ढाल धरून उभ्या लढवय्याचं निम्मं कामही गेलं, कारण त्याचं खरं काम मांत्रिकापर्यंत कोणाला पोचू न देणं हेच.

वेळ वाचवायचा असेल तर घोषणा फक्त मंत्रापुरती ठेवा: ‘या राउंडला मंत्र कोण टाकतंय?’ एवढा एकच प्रश्न. हात वर, मंत्राचं नाव, पुढे चला. आणि राक्षस कोणावर धावणार हे डीएमने घोषणा ऐकायच्या आधीच मनाशी पक्कं करावं, शक्यतो कागदावर खरडून ठेवावं. नाहीतर ‘मी मंत्र म्हणालो म्हणून सगळे माझ्यावरच’ हे भांडण ठरलेलं.

सेव्हला हात लावू नका

या खेळात सेव्हचा आकडा फक्त ज्याच्यावर मंत्र पडतो त्याच्या लेव्हलवर ठरतो. १ ते ३ हिट डाइस: १६. ४ ते ६: १४. ७ ते ९: १२. वाचण्याची शक्यता अनुक्रमे २५, ३५, ४५ टक्के. मंत्र टाकणारा कितव्या लेव्हलचा, याचा इथे संबंधच नाही. म्हणून लागला तर लागला, नाहीतर फुकट गेला अशा जातीचे मंत्र मोठ्या राक्षसांपुढे आपोआप बोथट होत जातात. फायरबॉलचं तसं नाही: पाचव्या लेव्हलला ५डी६, सरासरी साडेसतरा, सेव्ह लागला तरी निम्मं डॅमेज. ४ ते ६ हिट डाइसच्या प्राण्यावर हिशोब केला तर दर फायरबॉलमागे प्रत्येकी साधारण १४.४ पडतं.

नव्या आवृत्त्यांची सवय असलेला डीएम इथे ‘मांत्रिकाच्या लेव्हलप्रमाणे सेव्ह कठीण’ असं करतो. मग चार्म पर्सनसारखा, मोहित करणारा, पहिल्या लेव्हलचा मंत्र शेवटपर्यंत धारदार राहतो, आणि तो आधीच कमी धारदार नाही. ओगरला, म्हणजे ४+१ हिट डाइसच्या धटिंगणाला, तो लागण्याची शक्यता ६५ टक्के आहे. ओगरची अक्कल बेताची, त्यामुळे पुढचा सेव्ह महिन्याने. पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकामागे महिनाभर ओगर चालतोय!

इथे आकडा बदलू नका, हद्द आखा. मोहित प्राणी मित्र आहे, गुलाम नाही: जीव जाईल असं काम तो करणार नाही, स्वभावाविरुद्धचं टाळेल. भाषा कळत नसेल तर हुकूम कळणार नाहीत. आणि सगळ्यात कामाचा घरगुती नियम: मोहित प्राणी सोबत्यांच्या मर्यादेत धरा. करिष्मा ९ ते १२ असलेल्याला चारच सोबती ठेवता येतात. त्यात ओगरही आला, आणि ओगर जेवतोही भरपूर.

पॉइंट्स, किंवा फासा टाकून मंत्र

स्लॉटची पद्धत आवडत नाही म्हणून दोन बदल हमखास होतात. दोन्ही चालतात, पण हिशोब न करता केले तर खेळ मोडतात.

पहिला, मंत्र-पॉइंट. पाचव्या लेव्हलच्या मांत्रिकाचे स्लॉट २/२/१ (अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेव्हलच्या मंत्रांचे). जितक्या लेव्हलचा मंत्र तितके पॉइंट धरले तर २ + ४ + ३ = ९. आता तो नऊ स्लीप टाकू शकतो. किंवा तीन फायरबॉल, जिथे पूर्वी एक होता. वरचे मंत्र महाग करून (१, ३, ५) बघाल तर एकूण पॉइंट १३ होतात, म्हणजे तेरा स्लीप. दुखणं वाढलंच. उपाय किमतीत नाही, पुनरावृत्तीत आहे: तोच मंत्र त्याच दिवशी पुन्हा टाकला तर दर वेळी किंमत दुप्पट. ९ पॉइंटांत स्लीप १ + २ + ४ = ७, म्हणजे तीनदा; चौथ्याला ८ लागतील, ते नाहीत. फायरबॉल ३ + ६ = ९, दोनदा, आणि मग दिवसभर हात रिकामे. स्लॉटपेक्षा सैल, पण ताब्यातलं.

दुसरा, फासा टाकून मंत्र: यश आलं तर मंत्र टिकतो, अपयश आलं की दिवसापुरता गेला. शॅडोडार्क या खेळात लक्ष्य १० + मंत्राची पातळी आहे. डंजन क्रॉल क्लासिक्स या खेळात १० + मंत्राच्या लेव्हलची दुप्पट, आणि फाशात मांत्रिकाची लेव्हलही मिळवतात. असा नियम स्वतः बांधताना एक सूत्र पुरतं. यशाची शक्यता ‘य’ असेल तर मंत्र जाण्याआधी तो सरासरी य ÷ (१ − य) वेळा लागतो.

५० टक्क्यांना १ वेळा. ६७ ला २. ७५ ला ३. ९० ला ९. ९५ ला १९.

शेवटच्या दोन पायऱ्या पुन्हा बघा. ७५ वरून ९० ला जाणं म्हणजे फाशावर फक्त +३, पण मंत्र तिप्पट झाले. सुरुवातीला अगदी बेतशीर वाटणारा नियम सहाव्या-सातव्या लेव्हलला का फुटतो त्याचं उत्तर हेच. डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये लेव्हल मिळवूनही खेळ टिकतो, कारण तिथे वाईट फाशाला मंत्र उलटणं आणि देह विद्रूप होणं यांचे लांबलचक तक्ते आहेत. ते तक्ते नको असतील तर छत घाला: डी२० वर १ ते ५ आले की बेरीज काहीही असो, मंत्र गेला. यशाची शक्यता ७५ वर थांबते, सरासरी तीनवर.

नवा मंत्र तोलताना: ‘गंज’

खेळाडूने मागितलेला मंत्र घेऊ: ६० फुटांपर्यंतची धातूची एक वस्तू गंजून निकामी होते. पहिल्या लेव्हलला द्यायचा का?

मोजमापाला स्लीप धरू नका, तो त्या लेव्हलचा कळस आहे. त्याच्याशी तुलना केली की सगळंच माफक दिसतं. मॅजिक मिसाइल धरा: एक शत्रू, ५६ टक्के मृत्यू. ‘गंज’ तलवारीवर टाकला, सेव्ह दिला, तर ७५ टक्के वेळा ऑर्क निःशस्त्र होतो आणि ठोशाने १ ते २ एवढंच डॅमेज देऊ शकतो. मारणं नाही, पण निम्मा निकामी. इथवर तोल बरोबर.

आता तोच मंत्र प्लेट चिलखतावर टाका. एसी ३ चा ९ झाला. सहा अंक, म्हणजे त्याच्यावरचा प्रत्येक वार ३० टक्क्यांनी जास्त लागणार, आणि लढाई संपेपर्यंत सगळ्यांचा. हे पहिल्या लेव्हलचं काम नव्हे. मग तुरुंगाचे गज, साखळदंड, दाराच्या बिजागऱ्या आहेतच.

हद्द कशी घालायची? खेळातच वजन नाण्यांत मोजतात, दहा नाणी म्हणजे एक पौंड. खंजीर १०, गदा ३०, तलवार ६०, दुहाती तलवार १५०, साखळी चिलखत ४००, प्लेट ५००. मग लिहा: ‘६० नाण्यांपर्यंत वजनाची लोखंडी वस्तू’. तलवार बसते, चिलखत बसत नाही, जाड गज बसत नाही. ‘धातू’ऐवजी ‘लोखंडी’ हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर कोणीतरी चांदीच्या वस्तूंवर वाद घालेल. जादूच्या वस्तूंना लागू नाही हेही तिथेच लिहा. साठ नाण्यांपर्यंतचं साधं कुलूप गंजेल, गंजू दे. त्यासाठी दिवसाचा एकुलता एक मंत्र गेला. चिलखत हवंच असेल तर दुसऱ्या लेव्हलचा वेगळा मंत्र करा, एका वेळी एसी एकानेच उतरवणारा.

शेवटी तोच मंत्र शत्रूच्या मांत्रिकाच्या तोंडी घाला आणि खेळाडूच्या तलवारीवर टाका. टेबलावर चिडचिड झाली पण मजा टिकली तर ठीक. आरडाओरडा झाला तर एक लेव्हल वर. संशोधनाचा खर्च ओएसईत मंत्राच्या दर लेव्हलमागे १,००० सुवर्णनाणी आणि दोन आठवडे आहे. तो माफ करू नका.

लढाईबाहेरचे मंत्र

इथे फारसं कोणी बघत नाही, आणि मोठी गळती इथेच असते. कंटिन्युअल लाइट हा मांत्रिकाचा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, आणि तो कायम टिकतो. एका नाण्यावर टाकला की मशालींचा हिशोब (एका सुवर्णनाण्याला सहा, प्रत्येकी सहा टर्न) त्या मोहिमेपुरता संपला. त्याबरोबर अंधाराची भीती आणि कोणाच्या हातात मशाल, कोणाच्या ढाल, हा पेचही. साधा उपाय: प्रकाश जळतोय तोवर तो स्लॉट अडकलेला. नॉकसमोर (कुलूप उघडणाऱ्या मंत्रासमोर) पहिल्या लेव्हलच्या चोराचं कुलूप उघडणं १५ टक्के आहे. नॉकने दार दणक्यात उघडतं, लगेच भटक्या संकटाचा फासा, असं ठेवलं की चोराला काम उरतं.

पुरोहितांच्या यादीत नवा मंत्र घालताना दुप्पट सावध राहा. मांत्रिकाला तो पुस्तकात मिळवावा लागतो. पुरोहित रोज सकाळी पूर्ण यादीतून निवडतो. तुम्ही घातलेला प्रत्येक मंत्र जगातल्या प्रत्येक पुरोहिताला फुकट मिळतो. आणि त्यांचा तक्ता मुळातच उडी मारतो: पाचव्या लेव्हलला २/२, सहाव्याला एकदम २/२/१/१, सातव्याला पाचव्या लेव्हलचा मंत्रही. म्हणजे ५०,००० एक्सपीला पुरोहित मेलेल्याला उठवतोय, आणि मांत्रिक, जो ४०,००० ला सहाव्या लेव्हलला आला, तो अजून तिसऱ्या लेव्हलच्या मंत्रांवरच.

एडी अँड डीतून उचलताना

एडी अँड डी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स, ही याच खेळाची भावंड आवृत्ती. तिचा राउंड एक मिनिटाचा, बी/एक्सचा दहा सेकंदांचा. टर्न दोन्हीकडे दहाच मिनिटांचा, म्हणून टर्नमधले आकडे थेट घ्या. राउंडमध्ये दिलेला काळ लढाईच्या मंत्रात तसाच ठेवा, कारण लढाई राउंडनेच मोजली जाते. पण शोधाशोधीच्या मंत्रात मिनिटं धरा. पाचव्या लेव्हलला ‘लेव्हलमागे एक राउंड’ म्हणजे तिकडे पाच मिनिटं आणि इकडे पन्नास सेकंद, तेवढ्यात एक खोलीही बघून होत नाही. दुसरं, उघड्यावर अंतर फुटांऐवजी यार्डांत मोजतात, पण फायरबॉलचा ४० फूट व्यास फुटांतच राहतो. हे विसरलात तर एका मंत्रात पूर्ण छावणी जळते.

चाचणी

टेबलावर आणण्याआधी एकट्याने तीन लढाया खेळा: ३० बाय ३० फुटांच्या खोलीत आठ ऑर्क, एक ओगर, आणि सहा सांगाडे. ओगर स्लीपच्या मर्यादेवर बरोबर बसतो, सांगाड्यांवर स्लीप चालतच नाही. प्रत्येक लढाई तीनदा नव्या मंत्रासह, तीनदा त्याच लेव्हलच्या जुन्या मंत्रासह. फक्त दोन गोष्टी लिहा: किती राउंड लागले, पक्षाचे किती हिट पॉइंट गेले. तीनांपैकी एका लढाईत नवा मंत्र सरस ठरला तर तो आहे तिथे ठेवा. दोनांत ठरला तर पल्ला किंवा काळ निम्मा करून पुन्हा बघा. तिन्हींत ठरला तर लेव्हल वाढवा.

आणि मोहीम सुरू असताना एखादा मंत्र बदलायची वेळ आलीच, तर सत्राच्या सुरुवातीला सांगा, मध्ये नाही. ज्याच्या पुस्तकात तो आहे त्याला त्याच लेव्हलचा दुसरा मंत्र विनामूल्य निवडू द्या, आणि जुन्या मजकुराने लिहिलेली एखादी पोथी पक्षाच्या पिशवीत असेल तर ती जुन्याच नियमाने एकदा चालू द्या.